टोपीची रीत मी तुला अर्धीच सांगितली

हुसेन, तू गेलास त्याला आज बेचाळीस दिवस झाले. परवा तुझा चाळिसावा झाला. पोलादपूरला तुझ्या मुलीच्या घरी आलो होतो, चार घास खाल्ले, सगळ्यांशी बोललो आणि दुपारच्या एसटीने महाडला परतलो. तेव्हापासून माझं काही खरं नाही. कोर्टात उभा राहतो आणि वाक्य अर्ध्यात सुटतं. घरी सगळ्यांवर खेकसतो. काल बायको म्हणाली, "जे काय असेल ते एकदा कागदावर उतरवा, नाहीतर डॉक्टरकडे चला." डॉक्टरपेक्षा कागद बरा, म्हणून बसलो आहे.

तुझ्याबद्दल लोकांनी जे बोलायचं ते बोलून झालं. तुझ्या दुकानासमोर पेठेतली मंडळी जमली तेव्हा सगळे म्हणाले, हुसेन दर्जीसारखं काज महाडात पुन्हा कोणी करणार नाही. मीही बोललो. आमच्या धंद्यात बोलायला काय लागतं? तुझा हात, तुझी सचोटी, हिंदू-मुसलमान सगळ्यांचा तुझ्यावरचा भरवसा, एका दमात सगळं मांडलं. लोकांनी माना हलवल्या. खाली बसताना माझी मलाच शिसारी आली, कारण तुला जे सांगायचं होतं ते त्यात कुठेच नव्हतं.

नऊ वर्षांपूर्वी मी तुला एक खोटं सांगितलं. ते फ्रीमेसनांच्या लॉजमधल्या टोपीबद्दल होतं. गोष्ट एवढीशी आहे, कोणाला सांगितली तर तो हसेल. पण तू होतास तोवर ती मला तुझ्यापाशी कबूल करता आली नाही, आणि आता तू नाहीस. सुरुवातीपासून सांगतो, म्हणजे मला मधेच कुठे पळवाट काढता येणार नाही. माझी सवय तुला माहीत आहे.

आपण दोघं मराठी शाळेत चौथीपर्यंत एका सतरंजीवर बसलो. मग तू अब्बांच्या मशीनवर बसलास आणि मी पुण्याला जाऊन वकील होऊन आलो. परत आलो तेव्हा तुझं लग्न होऊन मुलगी रांगत होती. चारचौघांत तू मला "वकीलसाहेब, तुम्ही" म्हणायचास आणि गिऱ्हाईक पायरी उतरून गेलं की, "बस रे, चा मागवलाय." मी हसून म्हणायचो, हे काय नाटक? तू म्हणायचास, "नाटक नाय. तुझ्या धंद्याला रुबाब लागतो, माझ्या धंद्याला नाय लागत." खरं सांगतो, मला ते चारचौघांतलं "तुम्ही" आवडायचं. ते तू थांबवावंस असं मला कधीच मनापासून वाटलं नाही.

लॉजचं मला कळलं ते मुंबईत. एका अपिलाच्या वेळी ज्या मोठ्या वकिलांच्या हाताखाली मी काम केलं ते फ्रीमेसन होते; त्यांच्या मंडळाला लॉज म्हणतात. चांगली, सभ्य माणसं महिन्यातून एकदा बंद दाराआड जमतात, एकमेकांना बंधू म्हणतात, दानधर्म करतात आणि आतलं बाहेर बोलत नाहीत, एवढंच मला तेव्हा ठाऊक होतं. तिथे पारशी होते, गुजराती होते, बोहरी होते, दोन-तीन गोरे अजून टिकून होते. तिथे कोणी कोणाला बोलावत नाही. ज्याला यायचं त्याने आपल्या तोंडाने विचारायचं, अशी पद्धत. मी विचारलं. मला घेतलं. आणि मला काळा कोट लागणार होता, म्हणून मी तुझ्याकडे आलो.

"लगीन कोणाचं?" तू पहिला प्रश्न हाच केलास.

"लग्न नाही. फ्रीमेसनांच्या लॉजमध्ये जायचंय."

"म्हंजे त्या जादूघरात?" तू गळ्यातली टेप खाली ठेवलीस. "अरे, तिथं रात्री भुतं उठवतात म्हणे. आमची रुकय्या आयकेल तर तुला उंबऱ्यातून आत घेणार नाय."

तरी तू माप घेतलंस. खांदा, छाती, बाही, आणि कोटाला काहीएक गरज नसताना डोक्याचंही. "दरसाल वाढतंय रे तुझं डोकं," म्हणालास. "हवा भरतेय." त्या एका कोटावर तू बारा दिवस बसलास. काखेत जरा सैल ठेवलास, कारण तिथे किती वेळ हात वर करायला लागतो ते मी सांगत नव्हतो आणि तू अंदाज बांधत होतास. पांढरे हातमोजे मुंबईहून आणावे लागले. ते तू हातात घेऊन उलटे करून पाहिलेस आणि म्हणालास, यात बोटं घालून माणूस काय काम करणार?

पहिल्या दिवशी लॉजच्या दाराशी मला सांगितलं, टोपी काढून ठेवा. मी काढली, पण माझे कान तापले. माझी आई असती तर म्हणाली असती, घरात सुतक आहे का बोडक्याने हिंडायला? आपल्याकडे थोरामोठ्यांसमोर उघड्या डोक्याने जाणं म्हणजे उद्धटपणा, नाहीतर कोणीतरी गेलेलं असणं. इथे उलट. आमच्या लॉजची रीत अशी, की आत टोपी फक्त मुख्य आसनावर बसलेल्या माणसाने घालायची. काळी, उंच, विलायती टोपी. तोही परमेश्वराचं नाव निघालं की ती उचलतो. बाकीचे सगळे उघड्या डोक्याने बसतात, म्हणजे त्या टोपीपुढे सगळे सारखे. दर लॉजची पद्धत थोडी वेगळी असते म्हणतात, मी आमच्या लॉजपुरतंच सांगतो.

आणि त्या रीतीला एक जोड होती. ज्याच्या धर्मात डोकं झाकणं हाच मान, त्याने ते उघडं करायचं नाही. रुस्तमजी म्हणून एक म्हातारे पारशी बंधू होते, ते त्यांची पगडी घालून बसायचे. एक बोहरी व्यापारी जरीच्या टोपीत यायचे. त्यांना कोणी कधी हटकलं नाही. पहिल्याच दिवशी मी हे पाहिलं होतं, हुसेन. विसरण्यासारखं त्यात काही नव्हतं.

मी परत आलो की तुझी उलटतपासणी सुरू व्हायची. "काय केलंत आत?" सांगता येत नाही. "जेवायला काय व्हतं?" ते सांगता येतं: भात, मटण, आणि दारूबंदीमुळे लिंबू-सोड्याचे प्याले उंचावून शुभेच्छा. त्यावर तू इतका हसलास की टाचणी तोंडातून पडली. मग गंभीर होऊन विचारायचास, "पण बोलता काय एवढं?" मी म्हणायचो, माणसं सगळी सारखी आहेत असं बोलतो. तू म्हणायचास, "त्यासाठी मुंबईला जायाला लागतं?" या प्रश्नावर आपलं कित्येकदा वाजलं. आपल्याच गावात एका तळ्याच्या पाण्यावरून माणसं माणसांवर काठ्या घेऊन धावली होती, आपण दहा वर्षांचे असताना. तू म्हणायचास, सारखेपणा शिकायचा तर तळ्याच्या काठावर शिकावा, दार लावून कशाला? मी म्हणायचो, तुला नाही कळायचं. वादात हरायला लागलो की मी हे वाक्य वापरतो.

पुढे मला लॉजचा एप्रन मिळाला. कोकराच्या पांढऱ्या चामड्याचा, आकाशी रेशमाच्या पट्टीचा, कमरेला बांधायचा. दगड घडवणारे जुने कारागीर काम करताना चामडं बांधायचे, त्याची ती खूण. दोन वर्षांत त्याचं अस्तर उसवलं. तो मुंबईतच दुरुस्त करून घ्यायला हवा होता, बाहेरच्या माणसाच्या हाती द्यायचा नसतो असं मला वाटत होतं. पण मी तो तुझ्याकडे आणला. तू हात धुऊन आलास. तो उलटा करून टाके पाहिलेस आणि म्हणालास, "ह्यो हाताचा टाका हाय. करणारा घाईत नव्हता." मग विचारलंस, "ह्यो कामकऱ्यांचा कपडा हाय ना?" मी हो म्हणालो. "मग तुमच्यात कामकरी किती?"

मी मोजून पाहिलं. एकही नव्हता. वकील, डॉक्टर, व्यापारी, एक आगबोट कंपनीतला मोठा अधिकारी. मी विषय बदलला.

त्याच सुमाराला रुस्तमजींनी माझ्या कोटाची कॉलर दोन बोटांत धरून पाहिली आणि विचारलं, "वकील, हा कोट कोणी शिवला?" मी म्हणालो, "गावाकडचा एक माणूस आहे." एक माणूस! ज्याच्याबरोबर मी पाटीवर मुळाक्षरं गिरवली, त्याचं नाव माझ्या तोंडातून निघालं नाही. परत आल्यावर तू विचारलंस, "कोटाला काय म्हणाले रे?" म्हटलं, वाहवा केली. "माझं नाव सांगितलंस?" म्हटलं, सांगितलं तर! तू दिवसभर खूश होतास. आणखी दोन गिऱ्हाइकांना ते ऐकवलंस, मी समोर बसलेलो असताना.

आता त्या दिवसाकडे येतो. दुपारची वेळ होती, पेठ झोपलेली. माझा दुसरा कोट तयार होता, तो हँगरवर टांगलेला. मी आत आलो तर तू तो स्वतः अंगात घालून आरशासमोर उभा. डोक्यावर तुझी नेहमीची पांढरी विणलेली टोपी. मला पाहून दचकला नाहीस. आरशातूनच म्हणालास, "बरा दिसतो नाय?"

"बरा काय, साहेब दिसतोस."

"मग माझं नाव घाल ना तुमच्यात." एवढं बोलून तू बटणं काढायला लागलास, मान खाली घालून. "तू म्हणालास ना, ज्याला यायचं त्यानं इचारायचं. मी इचारतो."

हुसेन, तू माझ्याकडे जन्मात काही मागितलं नव्हतंस. मुलीच्या लग्नात मी देऊ केलं तेही परत पाठवलंस. आणि हे मागितलंस तेही एका वाक्यात, कोट काढता काढता, म्हणजे मला नाही म्हणायचं तर सोपं जावं. आणि मी वकिली केली. म्हणालो, "अरे, तुझ्यासाठी जीव टाकीन मी, पण तिथे एक अडचण आहे. आत टोपी चालत नाही. मुख्य आसनावरचा सोडला तर सगळे उघड्या डोक्याने बसतात. तू तर झोपतानाही टोपी काढत नाहीस." यातला शब्द न् शब्द खरा होता. फक्त पुढची अर्धी रीत मी गिळली. कोर्टात अशा अर्ध्या खऱ्यावर मी किती खटले जिंकलेत ते तुला माहीत होतं, पण मी ते तुझ्यावर वापरीन असं तुला वाटलं नसणार.

तू म्हणालास, "हां, मग कठीण हाय." कोटाची घडी घातलीस आणि कागदात बांधून दिलास.

आठवडाभराने, रविवारी सकाळी, तू माझ्या घरी आलास. ओटीवर मी पक्षकारांबरोबर बसलो होतो. बिरवाडीचा एक जमिनीच्या तंट्यातला शेतकरी होता, माझा कारकून होता. तू पायऱ्या चढून आलास आणि तुझ्या डोक्यावर टोपी नव्हती. शाळा सुटल्यापासून मी तुझं डोकं पाहिलं नव्हतं. केस विरळ झालेले, आणि कपाळाच्या वर टोपीच्या रेघेपासून कातडी एकदम गोरी. भर पेठेतून तू तसा चालत आला होतास, तुझ्या जमातीच्या चार माणसांच्या नजरेसमोरून. दारात उभा राहून माझ्याकडे बघत होतास.

आणि मी म्हणालो, "अरे, बोडक्याने? कोण गेलं?"

बिरवाडीचा शेतकरी खो खो हसला. कारकून हसला. मीही हसलो.

"कोणी नाय साहेब," तू म्हणालास. "उकडतंय जरा."

पौषाचा महिना होता. ओटीवर आम्ही उपरणी पांघरून बसलो होतो. तू चहा प्यालास, शेतकऱ्याला भाताचं विचारलंस, आणि बशी उचलून कडेला ठेवून निघून गेलास. मला कळलं नाही असं मी म्हणणार नाही. तू पायरी उतरलास तेव्हाच थोडं उमगलं, आणि दुपारपर्यंत मला पुरतं कळलं होतं. तू किंमत मोजून आला होतास. टोपी ही अडचण असेल तर टोपी काढतो, हे सांगायला तू आला होतास. तुझं दुकान माझ्या घरापासून तीनशे पावलं. मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठ दिवसांनी गेलो तेव्हा तुझ्या डोक्यावर टोपी होती आणि तू म्हणालास, "बस रे, चा मागवलाय."

मी मनाशी बाजू मांडून ठेवली होती, तीही ऐक. आमच्याकडे नवं नाव आलं की पेटीत गोळ्या टाकून मत घेतात. काळी गोळी पडली की माणूस नाकारला जातो, आणि कोणी टाकली ते कधी कळत नाही. मी स्वतःला म्हणायचो, हुसेनला इंग्रजी येत नाही, बोलणं आपलं इकडचं; कोणीतरी काळी गोळी टाकेल आणि त्याचा अपमान होईल. मी त्याला त्या अपमानापासून वाचवला. किती छान वाटतं हे ऐकायला! नऊ वर्षं मी या बाजूवर झोपलो. पण पेटीपर्यंत गोष्ट गेलीच कुठे? तिथल्या कोणाला तुझं नावही माहीत नव्हतं.

त्यानंतर तू माझ्यासाठी किती केलंस. एका वर्षी सावित्रीला पूर आला, पेठेत पाणी शिरलं, तुझ्या दुकानात कमरेएवढं. तुझी मशीन दोन दिवस पाण्यात राहिली. कापडाचे तागे गेले. मी पाणी ओसरल्यावर चिखलातून आलो, तर माझा कोट माळ्यावर, जुन्या चादरीत गुंडाळलेला, कोरडा. मी ओरडलो, मूर्खा, मशीन आधी उचलायची! तू म्हणालास, "मशीन तेल घातलं का चालते. काळ्या कापडावर गढूळ पाण्याचा डाग जात नाय." मी तुझे आभारही धड मानले नाहीत. तुझ्यावर चिडलो आणि घरी येऊन बायकोपुढे रडलो. तिला वाटलं पुरामुळे.

मग तुझी छाती धरायला लागली. तू पोलादपूरला मुलीकडे राहायला गेलास, कारण तिथे जावई होता आणि इथे राहायला दुकानाच्या माळ्यावर चढायचं होतं. शेवटच्या महिन्यात मी तीनदा आलो. तिसऱ्यांदा आलो तेव्हा तू खाटेवर भिंतीला टेकून बसला होतास, मांडीवर नातीचं झबलं, आणि त्याचं काज करत होतास, एक टाका, मग विश्रांती, मग एक टाका. रुकय्याभाभी पाणी आणायला आत गेल्या. तू सुई थांबवलीस आणि म्हणालास, "काय राहिलंय का रे सांगायचं?"

मी म्हणालो, "काही नाही रे. तू बरा हो म्हणजे झालं. दसऱ्याला नवा कोट हवाय मला."

 मग "हां" म्हणालास आणि पुन्हा सुई उचललीस. आठव्या दिवशी मी अलिबागला जिल्हा कोर्टात होतो, तेव्हा निरोप आला. तारीख वाढवून मागितली, मिळाली, पण एसटी वडखळला दोन तास बंद पडली. पोलादपूरला पोचलो तेव्हा लोक कबरीवरून हात झाडत परतत होते. मी एक मूठ माती टाकली. ती ओली होती आणि हाताला चिकटून राहिली.

आता परवाचं. जेवणं झाली, पुरुष बाहेर बसले. मी निरोप घ्यायला आत गेलो तर भाभी एकट्या होत्या. मला म्हणाल्या, "वकीलभाई, बसा जरा." मी बसलो. त्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"तुमचे ते पारशीबाबा आले होते दुकानात," त्या म्हणाल्या. "पगडीवाले. सात वर्सं झाली त्याला. महाबळेश्वरला चालले होते, गाडी पोलादपूरच्या अलीकडं गरम झाली, म्हणून फिरून महाडला आले. तुम्ही कोरटात होता. तुमच्या कारकुनानं दुकानात बसवलं त्यांना."

मला आठवलं. रुस्तमजी येऊन गेल्याचं कारकुनाने सांगितलं होतं. मी चुकामूक झाली म्हणून त्यांना पत्रही टाकलं होतं.

"भिंतीवर तुमचा कोट होता," भाभी म्हणाल्या. "त्यांनी वळखला. म्हणाले, ह्यो तुम्ही शिवता? मग ह्यांचं नाव इचारून घेतलं. त्यांना नाव ठाऊक नव्हतं."

मी खाली बघत होतो. तुझ्या मुलीच्या घरातली ती शेणाने सारवलेली जमीन, तिच्यावर कोणाच्या तरी ओल्या पावलाचा ठसा.

"ह्यांनी त्यांना इचारलं, बाबा, आत बसताना पगडी काढाया लागते का? ते हसले. म्हणाले, आमच्यात ज्याची त्याची टोपी ज्याच्या त्याच्या डोक्यावर. मुसलमान भाऊ पण टोपी घालूनच बसतात."

सात वर्षं! म्हणजे पुराच्या आधीपासून. म्हणजे त्यानंतरचे तीन कोट तू माहीत असून शिवलेस. मी म्हणालो, "भाभी, तो मला कधी बोलला का नाही?"

"मी पण हेच इचारलं त्यांना. म्हटलं, जा, तोंडावर सांगा. ते म्हणाले, मी इचारलं तर वकील उत्तर देईल. त्याच्याकडं उत्तर असतंच. त्याला आपण होऊन सांगू दे. मी थांबतो." भाभींनी ओढणीचं टोक सोडलं. "लय थांबले, भाई."

मी म्हणालो, "भाभी, मी तुम्हाला सांगतो. आत्ता सांगतो, सगळं सांगतो."

त्या उठल्या. रागावल्या नव्हत्या, तसं असतं तर मला झेपलं असतं. म्हणाल्या, "मला नका सांगू. ज्याला आयकायचं व्हतं तो गेला." आणि माझ्या हातावर वाटेसाठी म्हणून खजुराची पुडी ठेवली, मी पाहुणा होतो म्हणून.

तर हुसेन, आपण होऊन सांगतो. कोणी विचारलेलं नाही. टोपीची पुढची रीत तुला रुस्तमजींनी सांगितली, तेव्हा तेवढ्यासाठी तू सात वर्षं थांबला नसशील. तू थांबलास ते माझ्या तोंडून कारण ऐकायला, आणि कारण काळ्या गोळीचं नव्हतं, तुझ्या इंग्रजीचंही नव्हतं. त्या खोलीत मी साहेब होतो. तू आत आला असतास तर माझ्या शेजारी बसून मला "अरे" म्हणाला असतास, सगळ्यांदेखत, आणि तिथल्या नियमाने ते बरोबर ठरलं असतं. मला ते नको होतं. टोपी घालून, टोपी काढून, कसाही. मला तू तिथे यायला नको होतास.